जावईबापू

देवबागला माझ्या मामेभावाच्या अंगणात, माडाच्या सावलीतल्या लाकडी घोडीवर जावईबापू बसलेले असतात. अंगावरचा निळा रंग खाऱ्या हवेनं खाल्लेला. डोक्यावरच्या झाकणाला पडलेली चीर एम-सीलनं बुजवलेली. नावाच्या स्टिकरची तीनच अक्षरं शिल्लक. वजन साधारण 36 किलो. दोन सिलिंडर, एक कार्बोरेटर, टू-स्ट्रोक, ताकद दहा घोड्यांना जराशी कमी. होडीच्या मागच्या फळीला दोन चाप आवळून टांगायचं हे आऊटबोर्ड इंजिन. नाव पडलं ते स्वभावावरून.

बडदास्त सगळी जावयाचीच. नुसतं पेट्रोल त्याला चालत नाही. लिटरमागं 20 मिली ऑइल घालून, नीट हलवून द्यावं लागतं. खाडीतून आला की पिंपातल्या गोड्या पाण्यात आंघोळ. पावसाळ्यात पडवीत गोणपाट पांघरून मुक्काम. घराणंही मोठं. मूळपुरुषांतला एक ओले एव्हिनरूड, नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेतल्या मिलवॉकीचा कारागीर. उन्हाळ्यात मैत्रिणीसाठी आइस्क्रीम आणायला तो तळ्यात होडी वल्हवत गेला, परत येईपर्यंत ते वितळलं आणि त्याला या यंत्राची कल्पना सुचली, अशी दंतकथा आहे. 1909मध्ये त्यानं विकायला काढलेलं मशीन दीड हॉर्सपॉवरचं आणि 62 पौंडांचं होतं. त्याच्या नावाची इंजिनं 2020पर्यंत बनत होती. आमचे जावईबापू दुसऱ्या घराण्यातले, पण फळीला लटकून सगळी होडी ढकलायची कुळरीत तीच.

सकाळचे जावईबापू म्हणजे नुसतं सौजन्य. भाऊ नळीतला रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबायचा, चोक ओढायचा, दोरीला हिसका द्यायचा. पहिल्या नाही तर दुसऱ्या हिसक्याला इंजिन सुरू. मागून पाण्याची धार पडायला लागली की गाडी रुळावर. कर्लीच्या खाडीत मूठ पूर्ण पिळली तरी आवाजात खोट नाही. पर्यटकांना वाटायचं, काय गुणाचं मशीन!

गुण उधळायचे ते वेग कमी केल्यावर. काठ जवळ आला, मूठ सैल केली, की आवाज खाली बसायचा. मग कार्बोरेटरच्या तोंडातून ‘फट्’ अशी एक शिंक. आपल्याकडे निघताना शिंक आली की थांबतात. हे पोचताना शिंकायचे आणि स्वतःच थांबायचे. वाळूच्या बेटावर लोक अर्धा तास भिजून आले की दोरीला दहा हिसके, वीस हिसके. इंजिन गरम, भाऊ त्याहून गरम. “झाला! जावय रुसलो,” म्हणत तो चोक ओढायचा. मग पेट्रोलचा भपकारा, पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग आणि ओले झालेले प्लग. ते काढून, पुसून, वाळवून बसवल्यावर कधी स्वारी उठायची, कधी नाही.

एकदा संगमाजवळ ओहोटीत हे घडलं. होडीत आठ माणसं. पाणी समुद्राच्या तोंडाकडे ओढत होतं, मोठमोठ्यानं बोलणारे पर्यटक एकदम गप्प झाले. भावानं आधी नांगर टाकला आणि मगच दोरीला हात घातला. त्या दिवसापासून गमतीचा रुसवा गमतीचा राहिला नाही.

इलाज सुरू झाले आणि आपल्याकडे होतात तसे महागातले आधी झाले. नवे प्लग आले, नवी नळी आली. कुणी म्हणालं, कॉइल तापल्यावर मरते. ती शंका खोटी नव्हती. जुन्या कॉइलला ती खोड असते. पण गरम असताना प्लग बाहेर काढून पाहिला, तर ठिणगी निळी आणि ठसठशीत. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं. मग भावानं स्पीडचा स्क्रू आवळून आयडलिंगच वाढवून ठेवलं. इंजिन बंद पडायचं कमी झालं, पण गिअर टाकताना असा खणका बसायला लागला की होडीतली म्हातारी माणसं फळी धरून बसायची.

शेवटी मालवणचे एक वयस्क मेस्त्री आले. त्यांनी पाना बाहेर काढला नाही. होडी पाण्यातच ठेवून गिअर टाकायला लावला, मूठ सैल केली. शिंक आली, इंजिन मरायला टेकलं, तेवढ्यात त्यांनी चोक अर्धा बोट ओढला. आवाज सावरला, चढला. त्यांनी चोक सोडला, आवाज पुन्हा बसला. दोनदा हे करून ते म्हणाले, “रुसलो नाय रे. उपाशी आसा तो.”

कार्बोरेटर उघडून त्यांनी आधी मेन जेट आभाळाकडे धरला. भोकातून माडाची झावळ दिसली. मग स्लो जेट धरला. काहीच दिसेना. तारेनं भोक मोठं होतं, म्हणून त्यांनी तंगुसाचा बारीक तुकडा फिरवला आणि हवेचा झोत मारला. आतून डिंकासारखा पिवळा कण निघाला, मोहरीपेक्षाही लहान.

सगळा उलगडा त्या कणात होता. वेगात मेन जेट पोसतो, म्हणून खाडीत मिजास. वेग कमी झाला की सगळी भिस्त स्लो जेटवर, तिथं उपासमार. सकाळी थंड इंजिनाला चोक लागतोच, त्यामुळे कमतरता झाकली जायची. दुपारी गरम इंजिनाला चोकशिवाय पेट्रोल कमी पडायचं आणि चोक ओढला की जास्त होऊन प्लग भिजायचे. “तापलेल्या इंजनाक पुरो चोक ओढतस? नाक दाबल्यार तो श्वास खंयसून घेतलो?” मेस्त्रींनी भावाला झापलं. मिश्रणाचा स्क्रू त्यांनी हलकेच टेकवून दीड फेरा मागं घेतला आणि बाकीचं खाडीत केलं, गिअरमध्ये: थोडासा फिरव, दहा-पंधरा सेकंद थांब, ऐक. पिंपात जुळवलेलं आयडलिंग पाण्यात टिकत नाही, एवढंच सांगितलं. मग वाढवून ठेवलेला स्पीड खाली आणला. आता गरम इंजिनाला चोक नाही. मूठ जराशी पिळून एक हिसका पुरतो.

पेच राहिला एकच: तो कण आला कुठून? आमच्याच घरून. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यात ऑगस्टही पावसातच जातो. इतके दिवस गोणपाटाखाली कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून गेलं आणि तळाचा चिकटा जेटमध्ये बसला. जावयाचा मानपान केला, निघतानाचा निरोप तेवढा नीट दिला नाही.

यंदा मे अखेरीस भावानं नळी काढली, वाटीखालचा स्क्रू सैल केला आणि आतलं पेट्रोल चहाच्या कपात घेतलं. दोन चमच्यांपेक्षा जास्त नव्हतं.