अकराशे त्रेचाळीस

पावसच्या आमच्या घरी पडवीच्या खिडकीत ट्रान्झिस्टर असे. चामड्याचं जाळीदार कव्हर आणि त्यावर आईने शिवलेला फुलाफुलांचा झगा. आम्ही सख्खी-चुलत मिळून सात भावंडं. आजही एकत्र जमलो की गाण्यांच्या आधी त्या रेडिओची दुखणी निघतात. प्रत्येक दुखण्याचा घरात एकेक वैद्य ठरलेला होता.

सेल अण्णांकडे. आवाज बसला की ते सेल काढून अंगणात सोलांच्या शेजारी उन्हात ठेवत. त्यावर आणखी दोन दिवस निघत. पावसाळ्यात मात्र खाऱ्या हवेने स्प्रिंगा गंजत, एखाद्या सेलला पाणी सुटे. मग काका काडेपेटीची खरबरीत बाजू घेऊन एकेक पत्रा चमकेपर्यंत घाशीत बसत. व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर दादाची. बटण वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं की आतल्या पट्टीवरची धूळ झडते, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आणि सुई अडली की ताई. बटण फिरतंय, सुई जागची हलत नाही, म्हणजे आतला दोरा सैल झाला. ती शिवणाच्या डब्यातला जाड दोरा घेई, दांडीला तीन वेढे देई, छोट्या स्प्रिंगेत अडकवी. त्या वेळी आम्ही बाकीचे श्वास रोखून कंदील धरून उभे. तिसरा वेढा निसटला की सगळं पहिल्यापासून.

दिशा आईची होती. मीडियम वेव्हला बाहेरची एरियल कामाची नाही. आत तांब्याची बारीक तार गुंडाळलेली एक काळी कांडी असते, तीच लहरी पकडते. कांडी स्टेशनला आडवी धरली तर आवाज भरतो, टोक तिकडे केलं तर विरतो. आईला कांडीबिंडी ठाऊक नव्हती. भाजी चिरता चिरता ती उठे, रेडिओ चार बोटं वळवी आणि सह्याद्रीपलीकडच्या पुण्याच्या बातम्या स्वच्छ ऐकू येत.

1977 साली रत्नागिरीचं केंद्र सुरू झालं आणि सुई शोधायचे कष्टच संपले. 1143 किलोहर्ट्झ. आपल्याकडचं कोणी रेडिओवर बोलतंय याचं आम्हाला किती अप्रूप! ओळखीचा हेल कानावर आला की काकू चुलीपासून उठून दारात येत.

पुढे आम्ही पांगलो. धाकट्याने अमेरिकेहून आईसाठी आकडे दाखवणारा डिजिटल रेडिओ आणला. दोरा नाही, सुई नाही, बिघडायला काही नाहीच असं वाटलं. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अरे, हा बोलतो, पण घशात काही अडकल्यासारखं बोलतो." खरंच, आवाज येत होता पण चिरकलेला, 'स' आणि 'श' फाटलेले. आम्ही सेल बदलले, पत्रे घासले. कशाने फरक पडेना.

मग ताईचं लक्ष आकड्यांकडे गेलं. बटण दाबलं की 1130, 1140, 1150. आमचं स्टेशन मधल्यामध्ये गळत होतं! अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली, आपल्याकडे नऊ-नऊच्या. नवाच्या पाढ्यात 1143 बरोबर येतं, दहाच्या पाढ्यात कधीच नाही. माहितीपत्रक धुंडाळून धाकट्याने रेडिओ बंद असताना एक बटण दाबून धरलं. दहाचे नऊ झाले. 1134, आणि मग 1143. निवेदिकेचा आवाज असा मोकळा आला की काकूंनी डोळे पुसले. ताईने औषधाच्या बाटलीवरचं कोरं लेबल काढून त्यावर आकडा लिहिला आणि रेडिओच्या पाठीला चिकटवला.

एक बारीक गुणगुण तेवढी राहिली होती. धाकटा म्हणाला, मोबाईलच्या चार्जरची असेल, आणि तो शोधायला आत गेला. आई फळीपाशी आली. तिने रेडिओ उचलला, चार बोटं वळवला. गुणगुण थांबली.