अब्बांची तसबीह

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फजरची नमाज पढून अब्बा पलंगावर बसले होते. उजव्या हातातली तसबीह खाली पडली. त्यांनी ती उचलायचा प्रयत्न केला, पण बोटं वळेनात. काहीतरी बोलले, तेही कळलं नाही. अम्मी म्हणाली, "रात्रभर झोप नव्हती त्यांना, पडू दे थोडं." मीही मान डोलावली. शेजारच्या चाचींनी साखरपाणी आणलं, कुणी तळहाताला तेल चोळलं. उन्हं वर आली तेव्हा तोंड वाकडं झालेलं दिसलं आणि मग धावपळ सुरू झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत जोहरची वेळ होत आली होती.

सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तुम्हाला उशीर झालाय."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. त्या तासांत अब्बांच्या मेंदूत काय चाललं होतं, हे मी नंतर वाचून समजून घेतलं.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण प्राणवायू लागतो वीस टक्के. रक्त अडलं की मधला भाग काही मिनिटांतच मरतो. त्याच्या भोवतीच्या पेशी मात्र लगेच मरत नाहीत. आजूबाजूच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या थोड्याशा रक्तावर त्या तग धरतात. त्यांचं काम बंद असतं, पण जीव असतो.

या पेशींच्या आत प्रथिनांची ओढाताण चालते. मरणाऱ्या पेशींमधून ग्लुटामेट सांडतं, त्यामुळे शेजारच्या पेशीची दारं उघडतात आणि आत कॅल्शियमचा लोंढा शिरतो. त्यातून पेशीला मोडणारी प्रथिनं जागी होतात. त्याच वेळी बीडीएनएफसारखी प्रथिनं बाहेरून निरोप देतात, पेशीतलं एकेटी नावाचं प्रथिन कामाला लागतं आणि मरणाचा हुकूम अडवून धरतं.

मग ती दारंच बंद का करू नयेत? १९९० च्या दशकात तशी औषधं माणसांवर तपासली गेली. प्राण्यांमध्ये आशा दाखवणारी ही औषधं माणसांत अपयशी ठरली. त्यामागची एक अडचण अशी, की ग्लुटामेटचा निरोप घेणारं हे दार पेशीला जगवतंही. दोन पेशींच्या जोडावर ते उघडलं तर जगण्याचा निरोप जातो, जोडाबाहेर उघडलं तर मरणाचा. दार सरसकट बंद केलं की दोन्ही निरोप थांबतात.

म्हणून आजही खरा इलाज एकच आहे, रक्त लवकर सुरू करणं. २००६ मध्ये अमेरिकेतले डॉ. जेफ्री सेव्हर यांनी हिशेब मांडला. मोठी रक्तवाहिनी तुंबली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी मरतात. आम्ही साखरपाणी ढवळत होतो, ती मिनिटंही यातलीच. वर ते पाणी पाजणंही धोक्याचं होतं. अशा वेळी घशाचा ताबा सुटलेला असू शकतो आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

भेटायला येणारे म्हणायचे, "अल्लाची मर्जी." मर्जी त्याचीच, हे मीही मानतो. पण अब्बांच्या त्या पेशी आमची वाट बघत होत्या आणि आम्ही त्यांना झोपू दिलं, याचा जाब मी त्याच्यावर ढकलू शकत नाही.

अब्बा आता काठी घेऊन चालतात. थोडं बोलतात, नावं विसरतात. तसबीह डाव्या हातात धरतात. व्यायाम रोज करून घेतो, कारण वाचलेल्या पेशी नवे जोड बांधू शकतात.

तुमच्या घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघा आणि १०८ ला फोन लावा. "पडू दे थोडं" म्हणू नका. मी म्हटलं होतं.