नोनिया आणि घोळ

जबलपूरच्या जुन्या मराठी घरांत एकाच भाजीला दोन नावे असतात. दाराशी टोपली उतरविणाऱ्या बाईच्या तोंडी ती नोनिया असते आणि उंबरठा ओलांडून आत आली की घोळ होते. तांबूस मांसल देठ, नखाएवढी जाडसर पाने, जमिनीला चिकटून चहूकडे पसरण्याची रीत आणि उन्हाबरोबर उमलून लवकरच मिटणारे बारीक पिवळे फूल, एवढे तिचे रूप. लिनिअसने १७५३ साली तिला पोर्तुलाका ओलेरेसिया हे नाव दिले. त्यातील दुसरे पद तिचे भाजीपण मान्य करते. मराठीत मात्र ‘घोळ’ म्हटले की सर्वसाधारण माणसाला आधी गोंधळ आठवतो आणि कोकणातल्या माणसाला मासा.

नोनिया हे नाव मला अधिक अर्थपूर्ण वाटते. लवणाचे लोण झाले, लोणाचे नोन झाले, आणि संस्कृतातील लोणिका हिंदी मुलखात नोनिया होऊन राहिली. जिभेला जाणवलेली खारट-आंबट चव नावातच साठविली गेली. याच भाजीचे दुसरे हिंदी नाव कुल्फा. ते फारसी खुर्फा या शब्दावरून आले, त्याचा कुल्फीशी काही संबंध नाही. अरबांनी तिला चक्क ‘मूर्ख भाजी’ म्हटले, कारण ती पायवाटेवर आणि पाण्याच्या लोटात, म्हणजे हमखास तुडविली किंवा वाहून नेली जाईल अशा जागी उगवते. तुर्कांचे नाव सेमिझोतू, म्हणजे लठ्ठ गवत. एकाने चव पाहिली, दुसऱ्याने स्वभाव पाहिला, तिसऱ्याने अंगलट पाहिली.

तुर्कस्तानात ही भाजी कच्चीच चिरून लसूण घातलेल्या दह्यात कालवितात, किंवा कांद्या-टोमॅटोबरोबर ऑलिव्हच्या तेलात शिजवून तीत मूठभर तांदूळ टाकतात. आग्नेयेकडील गाझियान्तेपच्या भागात तिला पिरपिरिम म्हणतात आणि कडधान्ये घालून तिचे दाट कालवण करतात. आमच्याकडे ती मुगाच्या किंवा तुरीच्या डाळीत पडते, नाहीतर ताकात बेसन लावून शिजते. वरून लसणाची फोडणी. हे साम्य पाहून कोणी कोणाकडून काय उचलले याचा शोध घेण्याचा मोह अभ्यासकाला होतो. मला तो येथे अनाठायी वाटतो. पाने आंबट आणि बुळबुळीत आहेत; तो बुळबुळीतपणा सावरायला डाळ किंवा तांदूळ हवा. त्यांत ऑक्झॅलिक आम्लही पुष्कळ असते, आणि दह्यातील कॅल्शियम त्याला बांधून ठेवते. रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या दोन दूरच्या स्वयंपाकघरांना त्या वनस्पतीनेच एक वाट दाखविली असावी.

परंतु जबलपुरात राहून या भाजीविषयी लिहावयाचे तर तिच्या दुसऱ्या ओळखीला बगल देता येत नाही. १९६४ साली येथे कृषी विश्वविद्यालय निघाले आणि १९८९ साली तणविज्ञानाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. आज ते खरपतवार अनुसंधान निदेशालय म्हणून ओळखले जाते. तणशास्त्राच्या यादीत नोनिया आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते चूकही नाही. एकेक रोप हजारो बिया टाकते, त्या वर्षानुवर्षे मातीत जिवंत राहतात, आणि उपटून बांधावर फेकलेले रोप पुन्हा मूळ धरते. खुरपणारा माणूस नकळत तिची लावणीच करीत असतो. एकाच शहरात एक हात तिला निपटून काढण्याचा विचार करतो आणि दुसरा तिच्या जुड्या बांधतो.

येथे सावता माळ्याची आठवण येते. त्याने आपल्या मळ्यातील भाजीलाच विठ्ठल मानले. पण तो मळा होता, आणि मळ्यात खुरपे चालते. (त्या प्रसिद्ध अभंगात मिरचीही येते. सावतोबांचा अंत १२९५ सालचा मानतात आणि मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. पाठचिकित्सकांनी त्याचा विचार करावा.) मळ्याबाहेरच्या भाजीचा मान आपल्या परंपरेने अन्यत्र राखला आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही, असा आपल्याकडे नेम आहे. जबलपूरच्या परिसरात त्याआधी सुमारे पंधरा दिवस बायका हरछठ करतात. त्या दिवशी नांगरटीचे अन्न वर्ज्य; आपोआप उगवलेला पसईचा तांदूळ आणि म्हशीचे दही चालते. उत्तरेच्या पूर्णिमान्त गणनेत ती भाद्रपदातली षष्ठी, आपल्या अमान्त गणनेत श्रावण वद्यातली. महिन्याचे नाव बदलते, नांगराला दिलेली सुटी तीच राहते.

‘घोळ’ हा शब्द येथे टिकला त्याला इतिहास आहे. १७९८ ते १८१७ या काळात जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते. पुढे १९५६ साली राज्यपुनर्रचनेत उच्च न्यायालय येथे आले आणि नागपूरकडची मराठी कुटुंबेही आली. त्यांच्याबरोबर चिवळ हा शब्दही आला. ती घोळीची बारीक पानांची धाकटी बहीण, वैदर्भीय उन्हाळ्यातली लाडकी. आता तिसऱ्या पिढीच्या तोंडी चिवळ उरलेली नाही आणि घोळही क्वचितच येते. नोनिया म्हटल्याने भाजीची चव पालटत नाही, हे मान्य. पण आजीने घोळ मागितली आणि नातवाला ती कळली नाही, की घरातली एक जागा रिकामी झालेली असते.

विज्ञानाने मात्र तिच्याकडे अलीकडे आदराने पाहिले आहे. १९८६ साली अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात तिच्यातील ओमेगा-३ मेदाम्लांची नोंद झाली. पाणी तुटले की ती रात्री कर्बवायू साठवू लागते, दिवसा मात्र मक्या-उसाच्या रीतीने काम करते. या दोन्ही क्रिया एकाच पेशीत चालतात, असे २०२२ साली दाखविण्यात आले. रात्रीच्या साठ्याचे मॅलिक आम्ल होते, म्हणून पहाटे खुडलेली भाजी अधिक आंबट आणि उतरत्या उन्हात खुडलेली सौम्य. डाळीत सकाळची घालावी, दह्यात दुपारची.

हल्ली मी बाईला ताजेपणाविषयी विचारीत नाही, शेतात औषध मारले होते का, एवढेच विचारतो. ती सांगते, वांग्याच्या वाफ्यातली आहे, हाताने निंदलेली. मग न विचारताच एक देठ मोडून पुढे धरते. घोळीसारखीच पसरणारी दुधी जुडीत मिसळली तर तिच्या देठातून पांढरा चीक निघतो. याच्यातून नितळ पाण्याचा थेंब येतो.