बिनराखणीची चूल

शिकागो शहराच्या पश्चिमेस सुमारें 45 किलोमीटरांवर नेपरव्हिल नांवाचें टुमदार गांव आहे. आमची कन्या व जावई तेथें राहतात. एका हिवाळ्यांत त्यांच्याकडे आमचा दोन महिने मुक्काम होता. प्रवासवर्णन म्हटलें कीं मिशिगन सरोवर व गगनचुंबी इमारती आल्याच. परंतु वाचकांची क्षमा मागून आम्ही त्यांस सरळ स्वयंपाकघरांत नेणार आहोंत. सरोवर आम्हीं दोनदां पाहिलें. स्वयंपाकघर रोज पाहिलें.

डिसेंबरांत तेथें दुपारीं साडेचारच्या आंतच सूर्य मावळतो. सकाळीं सहाला, मिट्ट काळोखांत, घरांत दिवे लागत. सातच्या सुमारास मुलगी आगगाडीनें शिकागोस जाई, जावई मोटारीनें आपल्या कचेरीस आणि नात पिवळ्या बसमधून शाळेस. मंडळी पुन्हां एकत्र येईपर्यंत संध्याकाळचे साडेसहा वाजत. दिवसभर घरांत उरत असूं आम्ही दोघें, आणि ओट्याच्या कोपऱ्यांतील एक भांडें. आंत जाड चिनी मातीचें पातेलें, भोंवतीं विजेनें तापणारें कवच, वर कांचेचें झांकण. निघण्यापूर्वीं मुलगी त्यांत भिजलेली कडधान्यें, चिरलेली भाजी व पाणी घाली आणि खटका मंद आंचेवर ठेवी. आठ तासांनीं जेवण तयार. एवढ्या वेळांत त्यास शंभर वॅटच्या दोन दिव्यांइतकीच वीज लागते, असें जावईबापूंनीं कौतुकानें सांगितलें.

आमच्या सौभाग्यवतींस मात्र त्याचें कौतुक वाटेना. "ढवळायला कोणी नाहीं, चव पाहायला कोणी नाहीं. हें अन्न कीं गिरणीचा माल?" असें त्या पहिल्याच आठवड्यांत बोलून गेल्या. मुलीनें कांहींच उत्तर केलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे पांचाला उठून पोळीभाजी करूं लागली. चार दिवसांत तिचे डोळे ओढले. आम्हांस तें दिसत होतें. तोंडांतून गेलेला शब्द कसा परत घ्यावा, हें मात्र सुचत नव्हतें.

अखेरीस सौभाग्यवतींनींच मार्ग काढला. "उद्यां तूं निजून राहा, मी तुझ्या त्या भांड्यांत राजमा करतें." रात्रीं राजमा भिजला, सकाळीं नऊला तो भांड्यांत पडला. दुपारीं दोनच्या सुमारास मुलीचा फोन आला. "आई, राजमा आधीं खळखळून उकळलास ना?" इकडे शांतता. "मग तो सगळा टाकून दे. चवसुद्धां पाहूं नकोस."

अन्न टाकणें आमच्या पिढीस किती जड जातें, तें वाचकांस सांगावयास नको. परंतु कारण ऐकलें आणि अंगावर कांटा आला. तांबड्या राजम्यांत फायटोहीमॅग्लुटिनिन नांवाचें विषारी द्रव्य असतें. कच्चे चारपांच दाणे पोटांत गेले तरी उलट्यांनीं माणूस हैराण होतो. खळखळत्या उकळीनें तें नष्ट होतें. अर्धवट तापलें तर मात्र कच्च्याहूनही अधिक बाधतें, आणि मंद आंचेवरचें हें भांडें कित्येकदां उकळीच्या खालींच राहतें. पांच तास तरी भिजवावें, तें पाणी ओतून द्यावें, नव्या पाण्यांत अर्धा तास खळखळून उकळावें, अशी तेथील सरकारी अन्नविभागाची सूचना आहे. नात संध्याकाळीं आवडीनें दोन वाट्या खाणार होती!

साडेसहाला मुलगी आली तेव्हां आईचे डोळे भरलेले. कोट न उतरवितांच ती जवळ बसली. "पहिल्या वर्षीं मीही हेंच केलें होतें, आई. दोघेंही रात्रभर उलट्या करीत होतों. तुला सांगायची लाज वाटली." मग दोघींनीं मिळून मुगाची खिचडी टाकली. त्या रात्रीं खिचडीइतकें रुचकर कांहीं असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

तेथून पुढें त्या भांड्याची विद्या घरांत रीतसर सुरू झाली. चिंच आधीं घातली तर आंबटपणानें डाळ शिजत नाहीं, म्हणून चिंचगूळ शेवटीं. वाफ बाहेर जात नाहीं, तेव्हां पाणी बेतानें. झांकण उघडून पाहिलें कीं शिजण्याचा वेळ आणखी वीसतीस मिनिटांनीं लांबतो. या नियमाचा भंग आम्हीं स्वतः सर्वांत अधिक वेळां केला. घरीं असेल त्यावर बेत ठरे: कधीं अख्खे मसूर व तांबडा भोपळा, कधीं हरभऱ्याची डाळ व दुधी. फोडणी मात्र संध्याकाळीं, मंडळी दारांत आल्यावर. मोहरी तडतडली कीं दिवसभर परकें वाटणारें घर आपलें वाटे.

एका रविवारीं शिकागोच्या डेव्हन रस्त्यावर हिंग व गोडा मसाला आणावयास गेलों. या रस्त्याच्या एका भागास गांधींचें नांव दिलें आहे, तर दुसऱ्यास इस्रायलच्या गोल्डा मेयर यांचें. हिंदी दुकानें संपतां संपतां ज्यू वस्ती लागते. या भांड्याचा जनक आयर्व्हिंग नॅक्सन हाही शिकागोचाच ज्यू गृहस्थ, हें जावईबापूंनीं तेथेंच सांगितलें. त्याची आई मूळची लिथुएनियांतील व्हिल्ना शहरची. शुक्रवारीं सूर्यास्तापासून ज्यूंस चूल पेटविण्याची मनाई. म्हणून मांस, कडधान्य व कंदांचें पातेलें त्यापूर्वींच भटारखान्यांत नेऊन ठेवीत, आणि निवत जाणाऱ्या भट्टींत तें रात्रभर शिजे. आईची ही आठवण ऐकून नॅक्सननें विजेचें भांडें बनविलें. 1940 सालीं त्यास त्याचें पेटंट मिळालें. 1970 मध्यें रायव्हल कंपनीनें त्याचा धंदा विकत घेतला, आणि पुढच्याच वर्षीं भांडें 'क्रॉक-पॉट' नांवानें बाजारांत आलें. सौभाग्यवती हिंगाची डबी हातांत धरून ऐकत होत्या. "म्हणजे हेंही सोंवळ्यांतूनच निघालें म्हणावयाचें," एवढेंच बोलल्या.

परतीच्या दिवशीं विमान सायंकाळचें होतें. निघण्यापूर्वीं सौभाग्यवतींनीं मसूर भांड्यांत घातले, खटका मंद आंचेवर केला आणि फोडणीचें साहित्य वाटींत काढून शेजारीं ठेवलें. मुंबईस उतरल्यावर मुलीचा संदेश मिळाला. उसळ छान झाली होती. फोडणी जावईबापूंनीं जाळली.