हुकूमनाम्याची नक्कल

उर्से, ता. मावळ

चि. छकुलीस,


परवा फोनवर तुझा आवाज भरून आला आणि मला पुढे काही बोलता येईना. शेजारी माणसं बसली होती. म्हणून आज दुपारी दार लोटून लिहायला बसले आहे. भाताची झोडणी उरकली, दोन दिवस हात मोकळे आहेत.

तुझा घटस्फोट २०१९ ला झाला हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. पण आता दुसऱ्या लग्नाची नोंदणी करायची म्हटल्यावर त्याचा कागद मागितला, तर तो ना तुझ्याकडे, ना तुझ्या वडिलांकडे. वकील म्हणतात, फाइल जुनी झाली, बघावी लागेल. तू म्हणालीस, "आत्या, पुन्हा त्या कोर्टाची पायरी चढायची माझ्यात ताकद नाही." हे वाक्य रात्रभर माझ्या डोक्यात घोळत राहिलं, कारण मीही एकदा असंच म्हणाले होते, आणि त्यापायी माझी नऊ वर्षं वाया गेली.

माझा निकाल १९९६ सालचा. तुझे वडील दर तारखेला माझ्याबरोबर यायचे. तळेगावहून लोकलने शिवाजीनगर, तिथून चालत कोर्ट. निकालाच्या दिवशी वकील म्हणाले, "झालं, आता सुखानं घरी जा." मी घरी आले. कागद मागायचा असतो हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या इमारतीतून बाहेर पडायचं, एवढंच मनात होतं.

२००५ साली संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला गेले, तेव्हा एका कार्यालयात टेबलापलीकडच्या माणसानं विचारलं, "घटस्फोटित कशावरून?" मी गप्प राहिले. सगळं सोसलेली बाई समोर उभी होती, पण त्याला कागद हवा होता. त्याचंही चूक नव्हतं. तिथून उठले ती सरळ वडगावला गेले. आपलं तहसील तिथं, सातबारा तिथं, कोर्टकचेरी तिथं. तेव्हा हा कागदही तिथंच असणार असं मी धरून चालले. पोटोबा महाराजांना हात जोडून कोर्टात शिरले. तिथल्या एका कारकुनानं मला बसवून समजावलं, "बाई, घटस्फोटाचा अर्ज कनिष्ठ स्तराच्या कोर्टात चालत नाही. तो जिल्हा न्यायालयात नाहीतर वरिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांपुढे चालतो. तुम्ही तारखेला जायचात ते कोर्ट कुठलं, ते आठवा." तीन वर्षं मी शिवाजीनगरला गेले होते, तरी शोधायला वडगावला आले. माणूस घाबरला की साधी गोष्ट सुचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा पहिली गोष्ट, कोर्ट कोणतं ते ठरव. घटस्फोटाचा अर्ज लग्न जिथं झालं, दोघं शेवटी एकत्र जिथं राहिली किंवा सामनेवाला जिथं राहतो तिथं करता येतो, आणि २००३ पासून बायको राहते तिथंही. तुझं लग्न इथं उर्से गावात झालं, नांदलीस कोथरूडला. मला आठवतं, एका समुपदेशक बाईंनी तुम्हा दोघांना वेगवेगळं आणि मग एकत्र बसवून विचारलं होतं. म्हणजे ते बहुधा पुण्याचं कौटुंबिक न्यायालय. १९८४ च्या कायद्यानं ही कोर्टं निघाली आणि समुपदेशक हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. तिथल्या घटस्फोटाच्या अर्जांना 'पी. ए.' असा क्रमांक असतो. कोर्टाची एखादी जुनी पावती किंवा समन्स सापडलं तर त्यावर ती अक्षरं आहेत का बघ.

काहीच सापडलं नाही तरी घाबरू नकोस. ई-कोर्ट्सच्या ॲपवर जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावानं शोधता येतं. फक्त 'निकाली' हा पर्याय निवड, चालू प्रकरणांत तुझं नाव मिळणार नाही. साल विचारतं ते अर्ज दाखल केल्याचं. निकालाचं साल टाकशील तर हाती काही लागणार नाही. तिथं सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळाला की तो वहीत उतरवून ठेव, पुढची सगळी विचारपूस त्यावर होते. आणि नाव शोधताना माहेरचं घालू नकोस. अर्जात तुझं नाव सासरच्या आडनावानं आहे. नाही मिळालं तर आधीच्या नवऱ्याच्या नावानं शोध, तेही मिळालं नाही तर इंग्रजी स्पेलिंग बदलून बघ.

माझ्या वेळी ॲप नव्हतं, नोंदवही होती. ती अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. हातभर लांब, कडा झिजलेली, पाठीला कापड डकवलेली. शिवाजीनगरच्या एका कारकून बाईंनी ती माझ्यासमोर उघडली आणि बोट ओळीवर ठेवून खाली खाली येत गेल्या. एका ओळीशी थांबून म्हणाल्या, "ह्या तुम्हीच ना?" मी बघितलं, तर नाव माझं, मधलं नाव त्याचं, आडनाव त्याचं. नऊ वर्षं मी ते नाव लिहिलं नव्हतं. ओळखायला क्षणभर लागलाच. शेवटच्या रकान्यात निकालाची तारीख होती, पुसट निळ्या शाईत. माझ्या आयुष्याचा एवढा मोठा फैसला बोटभर जागेत मावला होता, आणि तरी तो तिथं होता. कुणी फाडला नव्हता, कुणी नाकारला नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं.

मग नक्कल अर्ज. साध्या कागदावर किंवा तिथल्या छापील नमुन्यावर कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि कशाची नक्कल हवी ते लिहायचं, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची. तू स्वतः पक्षकार आहेस, म्हणून वकील लागत नाही, कारणंही द्यावी लागत नाहीत. तिऱ्हाइताला मात्र का हवं ते प्रतिज्ञापत्रावर सांगून न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते. म्हणून तुझ्या वडिलांना एकट्यांना पाठवू नकोस. बाप असले तरी त्या प्रकरणात ते तिऱ्हाईतच.

अर्जात दोन गोष्टी वेगवेगळ्या माग: निकालपत्र आणि हुकूमनामा. पुष्कळ बायका एकच मागतात आणि पुन्हा हेलपाटा पडतो. निकालपत्रात न्यायाधीशांनी काय ऐकलं, काय मानलं, ते सविस्तर असतं. हुकूमनाम्यात थोडक्यात पक्षकार, मागणी आणि विवाह विच्छेद झाल्याचा आदेश. विवाह नोंदणीला, रेशनकार्डाला, मुलीच्या शाळेत हुकूमनामाच दाखव. निकालपत्र पेटीत ठेव. तुझ्या घरात काय घडलं हे शाळेच्या कारकुनानं वाचायचं कारण नाही. कायदाही तुझ्याच बाजूनं आहे: हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ सांगतं की हे खटले बंद दाराआड चालायचे आणि त्यातला मजकूर छापायचा नाही. घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नकोस.

आणि एक गोष्ट मला तेव्हा कळली असती तर! त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये चौथं पोटकलम आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा देणाऱ्या कोर्टानं त्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य द्यायची आहे. १९७६ च्या दुरुस्तीनं हे आलं. परस्परसंमतीचा घटस्फोटही त्याच दुरुस्तीनं आला. म्हणजे तो कागद कोर्टानं माझ्या हातात ठेवायचा होता, आणि मी हात न पसरता निघून आले. तुझी फुकट प्रत वकिलांनी घेतली असेल तर ती फाइलमध्येच असेल, त्यांना एकदा लेखी विचार. आता अर्ज करताना कलमाचा उल्लेख कर, आणि नक्कल शुल्क मागितलं तर भर. शंभर-दोनशे रुपयांसाठी अडून बसण्यापेक्षा प्रमाणित प्रत हातात येणं मोलाचं.

नक्कल मिळाली की तिथंच उभं राहून वाच. नावं बरोबर आहेत का, तारीख बरोबर आहे का. 'खरी नक्कल' असा शिक्का, सही, कोर्टाचा गोल शिक्का आहे का. अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, अशा तारखा त्यावर टाकलेल्या असतात. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस वगळले जातात, म्हणून त्या तारखांना किंमत आहे. ही मुदत पूर्वी तीस दिवसांची होती, २००३ पासून नव्वद झाली. अपील नसेल आणि मुदत सरली असेल तर दुसरं लग्न करता येतं, हे कलम १५. तुझी केव्हाच सरली आहे. ती चिंता मनातून काढ.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुझं तुला कळेल की तू किती सुदैवी आहेस. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली आणि ज्यांना नवरा वा वडील नाहीत त्यांना मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायला सांगितलं. वरच्या आळीतली एक बाई माझ्याकडे आली, "ताई, तुम्ही कोर्टातून कागद काढलात, माझाही काढून द्या." तिनं पिशवीतून घडी घातलेला शंभराचा स्टॅम्प पेपर काढला. नोटरीचा शिक्का, दोघांच्या सह्या, चार पंच साक्षीदार. सोडचिठ्ठी. बारा वर्षं ती स्वतःला मोकळी समजत होती, आणि तिकडे त्यानं दुसरा संसार थाटला होता. मी तिला काय काढून देणार? काढायला कोर्टात काही असायला हवं ना. तिच्या नावाची ओळ कुठल्याच नोंदवहीत नव्हती.

आपल्याकडे काडीमोड जुनी आहे, कोर्टांच्याही आधीची. एखाद्या जातीत तशी रूढी असेल आणि ती सिद्ध करता आली तर १९५५ चा कायदा ती मोडत नाही. पण सिद्ध करायचं ओझं बाईच्याच डोक्यावर येतं. नुसता स्टॅम्प पेपर म्हणजे हुकूमनामा नव्हे. आजही गावोगाव शिकलीसवरलेली माणसं मुलीच्या हातात असला कागद देतात आणि प्रकरण मिटलं म्हणतात. मला याचा फार संताप येतो. तिला मी तालुका विधी सेवा समितीकडे घेऊन गेले. १९८७ च्या कायद्यानं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दोघांची संमती आहे, अर्ज झाला आहे. सहा महिने थांबावं लागतं; ती मुदत माफ करायची मोकळीक सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये कोर्टांना दिली आहे. दोघं बारा वर्षं वेगळी राहिली आहेत, तेव्हा आम्ही ती माफी मागितली आहे.

पाकिटावर तुझं नाव घालताना आज मी थांबले. सौ. नाही, श्रीमती नाही, नुसतं तुझं नाव आणि माहेरचं आडनाव लिहिलं. तुला तेच बरं वाटेल असं वाटलं.

कोर्टात जायच्या आदल्या दिवशी नाशिकहून ये. रात्री इंद्रायणीचा भात आणि पिठलं करीन, सकाळी दोघी मिळून तळेगावहून लोकल धरू. आधार कार्ड, लग्नपत्रिका किंवा लग्नाचा दाखला आणि जे काही जुने कागद असतील ते सगळे आण. अर्ज तू तुझ्या हातानं लिहायचा, मी शेजारी बसेन. पहिल्याच दिवशी नक्कल हातात येईल असं धरून येऊ नकोस, पुन्हा एक खेप पडेल. त्या खेपेलाही मी येईन.

माझा हुकूमनामा पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आहे. तुझ्या नकलेची एक झेरॉक्स तिथं ठेवायला आण.

तुझी,
आत्या