गिअरबॉक्स आणि आईची परात

महिनाभर इथे काहीच लिहिलं नाही. घरी कुणी आजारी वगैरे नाही, काळजी नसावी. (सांगलीहून मावशीचा तसा फोन आला होता, म्हणून आधीच सांगून टाकतो.) कारण एकच, आमची जुनी गाडी.

गाडी २००८ ची, १ लाख ६० हजार मैल झालेली. लेक कालामझूला शिकायला गेल्यापासून गाडी तिच्याकडेच असते. आमच्या घरापासून शंभर मैल, सगळा आय-९४ हायवे. थँक्सगिव्हिंगला घरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, गाडी मध्येच नुसती ओरडते, पळत नाही."

मी चालवून पाहिली. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना इंजिन एकदम किंचाळायचं, गाडी मात्र जागच्या जागी असल्यासारखी. मग दणका बसून गिअर पडायचा. रिव्हर्सला टाकली की दोन-तीन सेकंद विचार करायची. आपल्याकडच्या कुणाही स्कूटरवाल्याने सांगितलं असतं, क्लच घसरतोय! पण ऑटोमॅटिक गाडीला क्लचचं पेडल कुठे असतं?

पेडल नसतं, क्लच मात्र असतात. एक नाही, चांगले चार-पाच. ज्यांना यात रस नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये असतो टॉर्क कन्व्हर्टर. एका पंख्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला तर वाऱ्याने तो फिरतो ना, तसंच, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. त्याच्यामागे ग्रहमालेसारखी गिअरची चाकं. मधे सूर्य, भोवती ग्रह आणि बाहेर आतल्या बाजूने दात असलेलं कडं. यातलं कोणतं चाक धरून ठेवायचं आणि कोणतं फिरवायचं, यावर गिअर ठरतो. धरून ठेवण्याचं काम करतात क्लचच्या गोल प्लेटा, त्यांना दाबतं तेल, आणि कोणत्या क्षणी कुठे तेल सोडायचं हे ठरवते व्हॉल्व्ह बॉडी. ती उघडली की आत भुलभुलैयासारखे तेलाचे मार्ग, बारीक स्प्रिंगा आणि छोट्या पोलादी गोळ्या. तेल जुनं झालं, तापलं, की प्लेटा घसरतात. घसरल्या की आणखी तापतात. तापल्या की जळतात.

आमच्या तेलाचा रंग लाल असायला हवा होता. तो निघाला काळ्या चहासारखा, आणि वास करपलेला. खालचं पॅन उघडलं. आत एक लोहचुंबक असतो, त्यावर करड्या रंगाचा थोडा बारीक लेप असणं चालतं. आमच्या पॅनच्या तळाशी मात्र काळी कच होती. म्हणजे प्लेटांचं अस्तर. स्कॅनर लावला, तर कोड आला पी०७३०, म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. ते आम्हाला कानांनीच कळलं होतं.

गॅरेजवाल्याने आकडा सांगितला ३,४०० डॉलर, तीन वर्षांची हमी. गाडीची आजची किंमत फार तर ४,०००. भंगारवाल्याकडचा जुना गिअरबॉक्स ६०० ला, पण तो तरी आतून कसा असेल हे देव जाणे. आणि तिसरा मार्ग, आपणच उघडायचा. प्लेटा, सील, गॅस्केट असा सगळा संच सव्वाचारशेला, शिवाय जॅक आणि हत्यारं.

आता खरं सांगतो. पैशांचा हिशोब मी नंतर केला. ठरवून आधीच टाकलं होतं.

एक तर मी मेकॅनिकल इंजिनिअर. निदान कागदोपत्री. सांगलीला वालचंदमध्ये एपिसायक्लिक गिअरची कोष्टकं मांडून मांडून बोटं दुखली होती, आणि पुढची पंचवीस वर्षं संगणकासमोर बसण्यात गेली. खरा एपिसायक्लिक गिअर मी हातात कधी धरलेलाच नाही. आणि दुसरं म्हणजे आमचे बाबा. रविवारची सकाळ, पडवीत पसरलेले जुने पेपर, परातीत रॉकेल, त्यात बुडवलेले स्कूटरचे भाग आणि बनियनवर बसलेले बाबा. मी शेजारी पाने-पकडी घेऊन. क्लचप्लेट कशी तेलात भिजवून मग बसवायची, हे मी सात वर्षांचा असताना पाहिलं आहे. ऑटोमॅटिकच्या प्लेटाही बसवण्याआधी तशाच तेलात भिजवतात, हे वाचलं तेव्हा तर अंगावर काटा आला. म्हटलं, हे आपलंच काम.

तीन रात्री मॅन्युअल वाचलं, यूट्यूब पाहिलं. बायको म्हणाली, "तू कर म्हणालास तर मी नको म्हणणार नाही." या वाक्याचा अर्थ लग्न झालेल्यांना सांगायला नको.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. इथून पंधरा मिनिटांवर विलो रनचा कारखाना होता, त्यात त्यांनी नोकरी केली. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने तिथे बी-२४ बॉम्बर विमानं बांधली, ८,६८५. अगदी जोरात असताना तासाला एक विमान बाहेर पडायचं! पुढे १९५३ साली लिव्होनियातला जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिकचा कारखाना जळून खाक झाला, तेव्हा त्यांनी ते काम विलो रनला आणलं. हायड्रा-मॅटिक म्हणजे १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आलेलं, मोठ्या प्रमाणावर बनलेलं पहिलं पूर्ण ऑटोमॅटिक ट्रान्समिशन. विलो रनला २०१० पर्यंत ट्रान्समिशन बनत होती. म्हणजे मला द्रोणाचार्य शेजारीच मिळाले होते.

आजोबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, "मी लाखो ट्रान्समिशनना हात लावला असेल. पण एकच जागा, एकच काम. अख्खं एकट्याने मी एकही जोडलेलं नाही."

मग त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, प्लेटा जळल्या कशामुळे? तेल जुनं म्हणून, की एखादं सील गळतंय, की एखादा व्हॉल्व्ह अडकतोय म्हणून? ते न शोधता नुसत्या प्लेटा बदलल्या तर नव्याही जळणार. शिवाय कन्व्हर्टरमध्ये आणि तेलाच्या कूलरमध्ये जी कच अडकलेली असते, ती साफ झाली नाही तर पुन्हा आत येणार. आणि दुसरा प्रश्न, "पुन्हा उतरवावं लागलं तर गाडी किती दिवस उभी राहिली तर चालेल?"

पहिल्याचं उत्तर मी शोधून काढीन असं म्हणालो. दुसऱ्याचं उत्तर मला ठाऊक होतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीची नवी नोकरी सुरू होणार, गावाबाहेर. बसने जाण्यासारखं नाही.

तरीही संच मागवायचाच असं ठरवून शनिवारी आईला फोन लावला. म्हटलं, बाबांची आठवण येते आहे. त्यांच्यासारखंच सगळं घरी उघडणार आहे.

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "परात घेऊ नकोस हो."

"म्हणजे?"

"ती पुरणपोळीची कणीक भिजवायची परात होती माझी. रॉकेलचा वास कधी गेलाच नाही."

मला हसू आलं. आई हसत नव्हती. मग तिने जे सांगितलं ते मी चाळीस वर्षांत ऐकलेलं नव्हतं. स्कूटरचे गिअर सटकायला लागले होते. ते काम क्लचप्लेटसारखं वरवरचं नसतं, इंजिन उतरवून त्याचे दोन भाग करावे लागतात. बाबांनी केले. परत जोडलं तर गिअरच पडेना. पुन्हा उघडलं. मे महिना होता, मी आजोळी होतो. तीन आठवडे इंजिन पडवीत. ताईचा दहावीचा सुट्टीतला क्लास पहाटे असायचा, आई रोज तिला अंधारात चालत सोडायला जायची. "ह्यांना विचारायची सोय नव्हती. विचारलं की जेवायचे नाहीत." शेवटी आईची भिशी लागली, त्या पैशांतून मिस्त्रीला बोलावलं. त्याने एका दिवसात जोडून दिलं.

"मी आलो तेव्हा बाबा म्हणाले होते, इंजिन केलं म्हणून."

"केलंच होतं की. कुणी केलं ते तू विचारलं नाहीस."

फोन ठेवल्यावर मी गॅरेजमध्ये जाऊन नुसताच उभा राहिलो. बाबांचा राग आला नाही. क्लचप्लेटा ते खरंच उत्तम बसवायचे, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण स्वतः करण्यात वाचलेले पैसे मला नेहमी दिसले होते. ते कुणाच्या पायांनी आणि कुणाच्या भिशीतून वाचले, हे दिसलं नव्हतं. मीसुद्धा बायकोला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आणि जिची गाडी, तिला तर सांगितलंही नव्हतं.

त्याच रात्री लेकीला फोन केला. सगळं समजावलं, ग्रहमालेसकट. तिने शांतपणे ऐकलं.

"बाबा, तू जोडलीस तर मी चालवीन. पण जानेवारीत बर्फात मी हायवेवर असताना तुला झोप लागेल का?"

उत्तर द्यायला मला जितका वेळ लागला, तितक्यात तिला उत्तर मिळालं.

गाडी गॅरेजवाल्याकडे गेली. ३,४०० ची किंमत मनाला लागली, नाही असं नाही. पण मी एक अट घातली, जुने भाग मला परत द्यायचे आणि उघडल्यावर मला बघायला बोलवायचं. त्याने बोलावलं. एका पिस्टनचं रबरी सील कडक होऊन चिरलेलं होतं, तिथून दाब जायचा. त्याने ते बोटाने चाचपून दाखवलं. मी पुसून, लेप समजून, खोक्यात टाकलं असतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

काळ्या पडलेल्या प्लेटा आता टेबलावर आहेत. बायको म्हणते, वास येतो. जॅक मागवला नव्हता हे बरं झालं. उन्हाळ्यात भंगारातला एक गिअरबॉक्स आणून नुसता उघडून बघावा असं मनात आहे, ज्याच्यावर कुणाचं काही अडलेलं नाही असा. या वेळी आधी विचारलं आहे. दोन मतं बाजूने, एक विचाराधीन.

परवा आईचा फोन आला. "झाली का गाडी?"

"झाली."

"कुणी केली?"

"मिस्त्रीनं."

"बरं झालं," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "उन्हाळ्यात येशील तेव्हा माझा मिक्सर मात्र बघून दे हं. तो तुला जमेल."

असो.