पुस्तक मिटल्यावर

सीमाभागात मुलांची शाळा एका भाषेत आणि जेवण दुसऱ्या भाषेत होते, याचे आम्हां बेळगावकरांना नवल वाटत नाही. माझी नात कन्नड माध्यमात सातवीत आहे. सहामाहीत विज्ञानाचे गुण घसरले तेव्हा शाळेतून सल्ला आला, ‘घरी मराठी बोलणे जरा कमी करा.’ सूनबाई घाबरली. मी अस्वस्थ झालो तो वेगळ्या कारणाने. माझे कन्नड बाजारापुरते. मराठी कमी म्हणजे आजोबा-नातीचे बोलणेच कमी!

म्हणून आधी ती अभ्यास कसा करते ते पाहिले. धडा वाचायचा, रेघा मारायच्या, पुन्हा वाचायचा. चौथ्या वाचनाला सारे ओळखीचे वाटे. गोम इथेच होती. ओळख पटणे वेगळे आणि आठवणे वेगळे. वाटेत भेटलेल्याचा चेहरा ओळखतो, नाव मात्र ओठांवर येत नाही, तसे.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार बैठकांत वाचला. इतरांनी एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत, न पाहता, आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवले, दुसऱ्यांना ७१. आठवड्याने पारडे फिरले. वाचणाऱ्यांपाशी ४० टक्के उरले, आठवून लिहिणाऱ्यांपाशी ६१! आठवणे म्हणजे कोठारातली वस्तू नुसती बाहेर काढणे नव्हे. दर खेपेला तिथवरची पायवाट मळत जाते.

तिन्हीसांजेला दिव्यापुढे, पुस्तक न उघडता, परवचा म्हणणारी आपली मागची पिढी हेच करीत होती. फक्त तिथे अर्थाची चौकशी फारशी होत नसे.

आम्ही अर्थालाच पाटावर बसवले. रात्री जेवणे झाली की पुस्तक मिटायचे आणि तिने मला धडा मराठीत सांगायचा. ‘द्युतिसंश्लेषण’ हा कन्नड पुस्तकातला शब्द ती घडाघडा म्हणे. ‘म्हणजे काय गं?’ विचारले की गप्प. मग अडखळत, ‘आजोबा, पान उन्हात स्वतःचा स्वयंपाक करतं.’

‘शिधा कुठून आणतं?’

‘पाणी मुळांकडून, कार्बन डायऑक्साइड हवेतून.’

दुसऱ्या भाषेत सांगताना पोपटपंची चालत नाही. पाठ केलेले वाक्य उपयोगी पडत नाही, अर्थच लागतो. दोन दिवसांनी तोच धडा ती स्वतःशी कन्नडमध्ये लिहून काढते, कारण उत्तरपत्रिका कन्नडमध्येच लिहायची असते. सेंट लुईसचा प्रयोग एकाच भाषेतला. दुसऱ्या भाषेची ही जोड आमच्या घरची. अडले की पुस्तक उघडून पाहायचे, रागवायचे नाही. दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

वार्षिक परीक्षेत गुण सुधारले. सारे श्रेय या बैठकीला देणार नाही, तिच्या शिक्षकांनीही कष्ट घेतले. पण मराठी कमी करण्याची गोष्ट सूनबाईने पुन्हा काढली नाही.

शाळेची भाषा येत नाही म्हणून आपल्याकडचे कितीतरी आजी-आजोबा मुलांच्या अभ्यासापासून चार हात दूर बसतात. त्यांनी जवळ यावे. ज्याला काही ठाऊक नाही त्याला सगळे पहिल्यापासून उलगडून सांगावे लागते, आणि असा ऐकणारा पैसे देऊन मिळत नाही.